तारे येतात, पण उशिरा

खगोलशास्त्र करायचं म्हणून बीएस्सी फिजिक्सला आलेल्यांचा पहिल्या सेमिस्टरलाच हिरमोड होतो. तारे कुठेच नाहीत! आहेत ती इक्वेशन्स, यंग्ज मोड्युलस आणि जर्नलवरची सही.

पण नाशिक-पुणे रस्त्यावर नारायणगावहून आत वळून खोडदला बघा. तिथल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, जवळपास २५ किलोमीटरवर पसरल्यात. आकाशातून आलेली एकच लहर दोन अँटेनांवर किंचित मागेपुढे पोहोचते. अशा फरकांवरून चित्र तयार होतं. म्हणजे ऑप्टिक्समधलं इंटरफेरन्स आणि मॅथ्समधला फूरियर. परीक्षेत आपण ऑप्शनला टाकतो, तेच चॅप्टर्स!

रस्ता लांब आहे. बीएस्सी, मग जॅम देऊन आयआयटीत किंवा एखाद्या विद्यापीठात एमएस्सी, पुढे पीएचडीसाठी पुण्याच्या आयुका किंवा एनसीआरएची प्रवेश परीक्षा. पीएचडीला फेलोशिप मिळते. तोवर पाचेक वर्षं ‘इंजिनीअरिंग का नाही केलंस?’ ऐकायची तयारी हवी. गणित नको म्हणून फिजिक्स घेणार असाल, तर आत्ताच थांबा. पायथॉन मात्र आजपासून शिका.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला जीएमआरटी बघता येते. जाऊन याच. आत मोबाइल बंद ठेवावा लागतो, कारण दूरच्या आकाशगंगेपेक्षा तुमच्या खिशातला सिग्नल कितीतरी जोरात ऐकू येतो.