हवेची आवक-जावक

निफाड तालुक्यात लासलगावच्या वाटेने जाताना शेताच्या कडेला उभ्या असलेल्या कांदाचाळी ज्याने निरखून पाहिल्या असतील, त्याला संगणकाच्या कॅबिनेटमधील पंख्यांची रचना समजण्यास फारसे सायास पडू नयेत. कांदा काढल्यानंतरही सजीवच असतो, तो श्वसन करतो, आणि त्यातून निघणारी उष्णता व आर्द्रता ढिगात कोंडली की सड सुरू होते. म्हणूनच उन्हाळ कांदा पावसाळाभर टिकावा यासाठी चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला व फटींचा, भिंती बांबूंच्या वा लाकडी पट्ट्यांच्या, आणि ढिगाची उंची-रुंदी बेताची, अशी तजवीज केलेली असते की खालून शिरलेली हवा प्रत्येक कांद्याला स्पर्शून, तापून, वरच्या अंगाने निघून जावी.

कॅबिनेटची गरजही हीच आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जी वीज घेतात ती अखेर जवळजवळ सारी उष्णतेतच परिणत होते. खेळांसाठी बांधलेला संगणक भर कामात 300 ते 400 वॅट सहज घेतो, म्हणजे जुन्या काळचे 100 वॅटचे तीन-चार दिवे एका लहानशा पेटीत कोंडून ठेवावेत तशी ही अवस्था. चाळीत तापलेली हवा आपोआप वर चढते व तेवढे पुरते. परंतु या पेटीतील वाटा इतक्या अरुंद आणि उष्णता इतकी एकवटलेली असते की वाऱ्याला पंख्यांनीच दिशा द्यावी लागते.

सर्वमान्य दस्तूर असा, की पुढच्या व तळाच्या पंख्यांनी हवा आत घ्यावी, मागच्या व वरच्या पंख्यांनी ती बाहेर काढावी. ज्या अंगाला पंख्याची मोटर धरून ठेवणारे दांडे दिसतात, त्या अंगाने सामान्यतः हवा बाहेर पडते. बहुतेकांना पुढे 120 किंवा 140 मिलिमीटरचे दोन आणि मागे एक, एवढे पंखे पुरतात. वर आणखी एक बसवावयाचा झाल्यास तो मागच्या कोपऱ्यात बसवावा. पुढच्या कोपऱ्यातील पंखा ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर नेतो. आवक जावकीहून किंचित अधिक राखावी, म्हणजे फटींतून हवा बाहेरच पडत राहते आणि धूळ जाळीवर अडते. ती जाळी मात्र नियमाने झाडली पाहिजे, कारण तुंबलेल्या जाळीमागचा उत्तम पंखाही निरुपयोगी ठरतो.

नाशिकची हवा थंड म्हणून लौकिक असला, तरी एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांना भिडतो, आणि पंख्यांना खोलीतील हवेहून अधिक थंडावा निर्माण करता येत नाही. अशा दिवसांत टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला चिकटवून ठेवलेला संगणक आपणच सोडलेली उष्ण हवा पुन्हा ओढून घेतो. शंभरी गाठू पाहणारा प्रोसेसर मग स्वसंरक्षणार्थ आपली गती उतरवतो, आणि यंत्र जुने झाले अशी मालकाची समजूत होते. नवा पंखा विकत घेण्यापूर्वी कॅबिनेट कप्प्याबाहेर काढून भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे, आणि काम चालू असताना मागे हात धरून पाहावा. तेथे लागणाऱ्या ऊन वाऱ्याने चिंतित होण्याचे कारण नाही. आतली उष्णता बाहेर पडत असल्याची ती पोच आहे.