बारीक रेघ जास्त टिकते

हिमायतनगरला परमेश्वराची महाशिवरात्रीची जत्रा भरली की भिरभिरी येतातच. तसल्याच एका भिरभिऱ्याची पाती काढून मी काडीवर काळ्या पुठ्ठ्याची चकती बसवली आणि कडेजवळ एक अरुंद चीर पाडली. समोर भिंतीवर कागद लावला. त्याच्या वरच्या भागात बोटभर जाडीचे काळे पट्टे, खाली अगदी जवळजवळ ओढलेल्या बारीक रेघा. एक डोळा मिटायचा, चकती दुसऱ्या डोळ्याशी धरायची आणि फिरवायची. दर फेरीला कागद क्षणभर दिसतो, मग काळोख.

चकती जोरात फिरत असताना दोन्ही सलग दिसतात. पाहायचं ते वेग उतरताना. आधी जाड पट्टे लुकलुकू लागतात. बारीक रेघा त्या वेळीही कागदावर ठाम असतात. मधला काळोख त्यांना पुसतच नाही. त्यांची लुकलुक सुरू व्हायला चकती आणखी मंद व्हावी लागते.

दिसलेल्याचा ठसा डोळ्यात असा क्षणभर मागे राहतो, ते दृष्टिसातत्य. दहावीच्या पुस्तकात त्याचा आकडा १/१६ सेकंद असा एकच असतो. फिरत्या कोलितातून उमटणाऱ्या रेघा वेदान्ताचार्य गौडपादांनी माण्डूक्यकारिकेत दृष्टांत म्हणून घेतल्या. १७६५ मध्ये फ्रान्सच्या द'आर्सीने निखारा फिरवून हा काळ सुमारे ०.१३ सेकंद मोजला. पण निखारा म्हणजे नुसता ठिपका, त्यात नक्षी कुठली? मेयर आणि मॅग्वायर या संशोधकांनी १९७७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात पट्ट्यांवरचे प्रयोग मांडले. पट्टे जितके बारीक, तितका त्यांचा ठसा लांबला होता. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण टिकण्याचा काळ फक्त डोळ्यावर नाही, काय पाहतो त्यावरही ठरतो.

याचं एक कारण असं सांगतात: डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या वाटांपैकी मोठे आकार आणि हालचाल टिपणारी वाट चटकन जागी होते, चटकन शांत होते. बारकावे टिपणारी वाट सावकाश जागी होते आणि तितक्याच सावकाश निवते.

दिवस कलल्यावर तोच कागद पाहिला. उजेड कमी झाला तर ठसाही लवकर विझेल असं वाटतं ना? होतं उलटंच. मंद उजेडात तो जास्त रेंगाळतो, चकती आणखी हळू फिरवली तरी रेघा सलग राहतात. मुलांना हे दाखवायचं तर उन्हाच्या किंवा बॅटरीच्या साध्या बल्बच्या उजेडात दाखवावं. घरातले विजेचे दिवे बऱ्याचदा स्वतःच लुकलुकत असतात.