संततिविचार : लेखांक सहावा – शुक्रजंतूंचा सर्वथा अभाव

गेल्या लेखांकात ज्यांच्या वीर्यात शुक्रजंतू असतात, परंतु संख्येने अल्प किंवा गतीने मंद असतात, अशा पुरुषांचा विचार झाला. आज ज्यांच्या तपासणीच्या कागदावर शुक्रजंतूंच्या रकान्यात शून्याची नोंद होते त्यांचा विचार करावयाचा आहे. या स्थितीस वैद्यकात अझूस्पर्मिया म्हणतात, आणि ती वाटते तितकी विरळ नाही : सर्वसाधारण पुरुषवर्गात शंभरांत सुमारे एक, आणि अपत्य होत नाही म्हणून तपासणीस येणाऱ्या पुरुषांत शंभरांत दहा ते पंधरा, असे तिचे प्रमाण आहे. यांपैकी बहुतेकांची कामशक्ती शाबूत असते, आणि वीर्याच्या रंगावरून वा दाटपणावरूनही काही कळत नाही; कारण वीर्याचा बहुतांश भाग रेताशय आणि अष्ठीला ग्रंथी यांच्या स्रावांचा असून शुक्रजंतू व त्यांच्याबरोबर येणारा द्रव यांचा वाटा शंभरांत पाच भागांच्या आतच असतो. म्हणूनच नसबंदी झालेल्या पुरुषालाही वीर्यात काही फरक जाणवत नाही. परिणामी संशयाची सुई पतीकडे वळतच नाही, आणि नवस, उपासतापास, गर्भाशयाची सफाई, दुर्बिणीची तपासणी हे सारे वर्षानुवर्षे पत्नीच्या वाट्याला येते. त्यानंतर केव्हातरी पतीची तपासणी होऊन ते शून्य उजेडात आले, की तेच घर त्या कागदाला अखेरचा फैसला मानून बसते. ही घाई कोणी करू नये. त्या नोंदीपाशी तपासाचा आरंभ होतो, आणि हा तपास योग्य क्रमाने झाला तर अनेकांना स्वतःचे अपत्य लाभू शकते व उरलेल्यांना निदान सत्य तरी कळते, एवढेच या लेखांकात मला सांगावयाचे आहे.

डेल्फ्ट येथील कापडाचे व्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहूक यांनी १६७७ साली आपल्या हातच्या सूक्ष्मदर्शकातून शुक्रजंतू पाहिले. पण ते कोठे व कसे घडतात हे समजण्यास पुढे दोन शतके लागली. वृषणात अतिशय बारीक अशा नलिकांची दाट वेटोळी असतात. त्या नलिकांच्या भिंतींतील मूळ पेशी विभागत, बदलत सुमारे दहा आठवड्यांत शुक्रजंतूचे रूप घेतात, आणि या सर्व काळात सेर्टोली पेशी त्यांचे पोषण करतात. शेजारच्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक निर्माण करतात. या दोन्ही पेशींवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचा, म्हणजे पिट्युइटरीचा, अंमल चालतो, आणि तिच्याकडून एफएसएच व एलएच ही दोन संप्रेरके हुकूम घेऊन रक्तावाटे वृषणापर्यंत येतात. तयार झालेले शुक्रजंतू अधिवृषणाच्या, उलगडल्यास सुमारे सहा मीटर भरेल अशा, एकाच गुंडाळलेल्या नळीतून जाताना परिपक्व होतात आणि तेथून रेतवाहिनीच्या वाटेने पुढे सरकतात. हुकूम, उत्पादन आणि वाहतूक या तिन्हींपैकी कोठेही खंड पडला तरी कागदावर उमटणारे शून्य सारखेच दिसते. उपाय मात्र तिन्ही ठिकाणी निरनिराळे आहेत.

म्हणून पहिले कर्तव्य हे, की शून्य खरोखरच शून्य आहे याची खात्री करून घ्यावी. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर घेतलेला संपूर्ण नमुना तासाभराच्या आत तपासला जावा. सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसले नाही, तर तो सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून तळाशी बसलेला गाळ पुन्हा काळजीपूर्वक पाहावा. आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या नमुन्याचीही अशीच तपासणी व्हावी. त्या गाळात मोजके शुक्रजंतू आढळले, तर शस्त्रक्रियेचा प्रश्नच कित्येकदा मिटतो. मधुमेह जुना असेल किंवा वीर्य अगदीच थोडे येत असेल, तर ते उलट दिशेने मूत्राशयात जात नाही ना, हे स्खलनानंतरची लघवी तपासून ठरवता येते.

खात्री झाल्यावर खरा प्रश्न उभा राहतो. शेतात पाणी पोचत नसेल, तर विहीर आटली आहे की पाट तुंबला आहे हे जाणता शेतकरी आधी पाहतो. तसेच वैद्यानेही पाहावे, आणि त्यासाठी आरंभी लागणारी साधने फारशी खर्चिक नाहीत. अनुभवी हातांनी केलेली शारीरिक तपासणी हे त्यांतील पहिले साधन होय. वृषणांचा आकार व घट्टपणा स्वाभाविक आहे काय, अधिवृषण फुगलेले आहे काय, आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजूंच्या रेतवाहिन्या बोटांना दोरीसारख्या लागतात काय, हे तेथेच कळते. त्याच्या जोडीला रक्तातील एफएसएच व टेस्टोस्टेरॉन यांचे मापन, आणि वीर्याचे आकारमान, आम्लता व त्यातील फ्रुक्टोज शर्करा यांची नोंद असावी. वृषण भरलेले आणि एफएसएच मर्यादेत असेल, तर बहुधा पाट तुंबलेला असतो. वृषण लहान, मऊ आणि एफएसएच चढलेले असेल, तर विहिरीतच उणीव असते. वृषण लहान असून एफएसएचही उतरलेले असेल, तर वरून हुकूमच येत नाही असे समजावे. अशा रुग्णांत स्थूलमानाने पाचांपैकी दोघांचा मार्ग बंद असतो आणि तिघांच्या उत्पादनात दोष असतो.

मार्ग बंद होण्याची कारणे देशकालाप्रमाणे बदलत आली आहेत. परमा आणि क्लॅमिडिया यांसारखे गुप्तरोग, जननमार्गाचा क्षय, आणि लहानपणी अंतर्गळ वा अंडवृद्धी यांसाठी केलेल्या शस्त्रक्रियेत रेतवाहिनीस झालेली इजा ही कारणे आजही भेटतात. आपल्याकडे एके काळी देवी हेही एक कारण होते : देवी येऊन गेलेल्या पुरुषांच्या अधिवृषणात अडथळा निर्माण होतो, हे निरीक्षण मुंबईच्या डॉ. फडके व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली शास्त्रीय नियतकालिकात मांडले. देवीचे निर्मूलन झाले आणि त्याबरोबर हे कारणही इतिहासजमा झाले. रोगप्रतिबंधाच्या कार्याने वंध्यत्वाचे एक मूळ उपटले गेल्याचे हे उदाहरण स्मरणात ठेवण्यासारखे आहे. काही पुरुषांच्या रेतवाहिन्या जन्मतःच घडलेल्या नसतात. अशा वेळी वीर्य थोडे व आम्लधर्मी असते आणि त्यात फ्रुक्टोज नसते. या दोषाच्या मुळाशी बहुधा १९८९ साली सापडलेल्या सीएफटीआर जनुकातील बिघाड असतो, आणि त्याच जनुकातून सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा व स्वादुपिंडाचा गंभीर विकार उद्भवतो. म्हणून उपचारापूर्वी पत्नीच्याही जनुकाची तपासणी करणे अगत्याचे आहे, कारण दोघांकडेही दोष असल्यास अपत्याला तो विकार होण्याची शक्यता राहते. पतीची दोन्ही मूत्रपिंडे जागेवर आहेत काय हेही सोनोग्राफीने पाहून घ्यावे.

अडथळ्यावरील शस्त्रक्रियेचा इतिहास जुना आहे. १९०२ साली फिलाडेल्फियाचे एडवर्ड मार्टिन यांनी चांदीच्या बारीक तारांनी रेतवाहिनी अधिवृषणास जोडून मार्ग मोकळा केल्याचे नमूद आहे. आज तेच काम सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने केले जाते, आणि कुशल हातांत निम्म्याहून अधिक रुग्णांच्या वीर्यात काही महिन्यांनी शुक्रजंतू पुन्हा येतात. दुसरा मार्ग १९९२ साली खुला झाला. ब्रुसेल्सच्या पालेर्मो, व्हान स्टैर्टेगेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी, एकच शुक्रजंतू सुईने बीजांडात सोडून गर्भधारणा साधल्याचे जाहीर केले. इक्सी नावाने रूढ झालेल्या या पद्धतीमुळे कोट्यवधी शुक्रजंतूंची आवश्यकता उरली नाही. अधिवृषणातून वा वृषणातून सुईने काढलेले मोजके शुक्रजंतूही पुरेसे ठरू लागले. ज्यांच्या रेतवाहिन्याच नाहीत त्यांना हाच मार्ग आहे. इतरांनी मात्र पत्नीचे वय, खर्च आणि किती अपत्ये हवीत याचा विचार करून निवड करावी : पत्नी तरुण असेल तर मार्ग जोडून नैसर्गिक गर्भधारणेची वाट पाहणे शहाणपणाचे ठरते, तिचे वय चाळिशीकडे झुकले असेल तर कालापव्यय परवडत नाही.

हुकूमच न आल्याने झालेला अभाव संख्येने थोडा, पण औषधांनी बरा होणारा म्हणून महत्त्वाचा आहे. वयात येण्याची लक्षणे उशिरा किंवा अपुरी दिसलेली आणि त्याबरोबर गंधज्ञानही नसलेले असे पुरुष असतात. या विकाराला कालमान यांचे नाव दिलेले आहे. त्यांना गोनाडोट्रॉपिनची इंजेक्शने नियमाने दिल्यास सहा महिने ते दोन वर्षांत बहुतेकांच्या वृषणांत शुक्रजंतू तयार होऊ लागतात. याच्या नेमकी उलट स्थिती आज तरुणांनी स्वहस्ते ओढवून घेतलेली दिसते. शरीर पिळदार व्हावे म्हणून व्यायामशाळेतून टेस्टोस्टेरॉनची वा तत्सम स्टेरॉइड द्रव्यांची इंजेक्शने घेतली, की पोष ग्रंथी आपला हुकूम थांबवते आणि वृषण काम सोडते. हा परिणाम इतका निश्चित आहे, की जागतिक आरोग्य संघटनेच्या, १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात टेस्टोस्टेरॉनची साप्ताहिक इंजेक्शने पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून वापरली गेली आणि निम्म्याहून अधिक पुरुषांचे शुक्रजंतू सहा महिन्यांत पूर्णपणे नाहीसे झाले. अपत्याची इच्छा असणाऱ्या पुरुषाने, मग ते ताकदीसाठी असो वा कामशक्तीसाठी, हे औषध घेता कामा नये. घेतले असल्यास ते वैद्यापासून लपवू नये, कारण ते बंद केल्यावर काही महिन्यांत, क्वचित वर्षा-दोन वर्षांत, उत्पादन बहुधा पुन्हा सुरू होते.

सर्वांत कठीण ते रुग्ण, ज्यांच्या वृषणातच दोष असतो. बालपणी वृषण खाली न उतरणे, वयात आल्यावर झालेल्या गालगुंडाचा वृषणावर आघात, कर्करोगावरील औषधे व किरणोपचार ही त्याची काही कारणे आहेत. यांतील दोन टाळता येण्यासारखी आहेत : न उतरलेले वृषण बाळ दीड वर्षाचे होण्यापूर्वी शस्त्रक्रियेने जागेवर आणावे, आणि कर्करोगाचा उपचार सुरू करण्यापूर्वी तरुण रुग्णाचे वीर्य गोठवून ठेवण्याची तजवीज अवश्य करावी. आनुवंशिक कारणांत, १९४२ साली हॅरी क्लाइनफेल्टर यांनी वर्णिलेला विकार प्रमुख आहे. सुमारे सहाशे पुरुषांत एकाला तो असतो, आणि त्यात एक्स गुणसूत्र एक अधिक असते, हे १९५९ साली सिद्ध झाले. दुसरे कारण म्हणजे वाय गुणसूत्राच्या लांब भुजेवरील, एझेडएफ नावाच्या प्रदेशातील तुटी. त्या प्रदेशाचा ए किंवा बी विभाग संपूर्ण गळालेला असेल, तर वृषणात शुक्रजंतू सापडण्याची आशा जवळजवळ नसते. केवळ सी विभाग गळालेला असेल, तर निम्म्याच्या आसपास पुरुषांत ते सापडतात, पण तोच दोष पुढे मुलाकडे जातो. हे आधी कळले तर निष्फळ शस्त्रक्रिया टळते. म्हणून गुणसूत्रांची व वाय गुणसूत्राच्या तुटीची तपासणी चाकू हाती घेण्यापूर्वी व्हावी, नंतर नव्हे.

१९९९ साली न्यूयॉर्कचे पीटर श्लेगेल यांनी प्रचारात आणलेली मायक्रो-टेसी ही पद्धती या वर्गाचा मुख्य आधार आहे. वृषण उघडून सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील नलिका न्याहाळल्या जातात. बहुतेक नलिका रोडावलेल्या असतात, पण एखाद्या कोपऱ्यात भरदार नलिका आढळल्यास तेवढीच उचलून प्रयोगशाळेत पाहतात. सुमारे निम्म्या रुग्णांत, क्लाइनफेल्टर विकारातही जवळपास तितक्याच, शुक्रजंतू हाती लागतात. मात्र शुक्रजंतू मिळाले म्हणजे मूल झाले असे नव्हे, आणि वैद्याने हा फरक आरंभीच स्पष्ट सांगितला पाहिजे. खात्रीचा इलाज म्हणून चूर्णे आणि काढे विकणाऱ्यांच्या, किंवा वर्षभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या लिहून देणाऱ्यांच्या नादी लागून पत्नीच्या वयाची मोलाची वर्षे दवडू नयेत. शिवाय अशा पुरुषांत वृषणाच्या कर्करोगाचे व संप्रेरकांच्या न्यूनतेचे प्रमाण इतरांहून अधिक असल्याने हा तपास त्यांच्या स्वतःच्या प्रकृतीसाठीही आवश्यक आहे.

सर्व प्रयत्नांती शुक्रजंतू मिळालेच नाहीत, तर दात्याचे वीर्य किंवा दत्तकविधान हे दोन सन्मान्य मार्ग उरतात. २०२१ च्या सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञान नियमन अधिनियमाप्रमाणे दात्याचे बीज नोंदणीकृत पेढीकडूनच घ्यावे लागते, दाता एकवीस ते पंचावन्न वर्षे वयाचा असावा लागतो, लेखी संमती आवश्यक असते, आणि जन्मणारे मूल कायद्याने त्या दांपत्याचेच औरस ठरते. दात्याचा त्यावर कसलाही हक्क राहत नाही. सासूसासऱ्यांच्या दडपणाखाली किंवा पतीला अंधारात ठेवून हा निर्णय कधीही होऊ नये. तो पतिपत्नींनी समजून, वेळ घेऊन आणि समुपदेशकाशी बोलून करावा.

एक आग्रह मात्र मी सर्व सामर्थ्यानिशी मांडतो. वीर्यतपासणी ही वंध्यत्वाच्या सर्व तपासण्यांत सर्वांत स्वस्त, वेदनारहित आणि निर्णायक अशी आहे; तरीही ती सर्वांत शेवटी होते, आणि तोवर पत्नीच्या शरीराची चिरफाड व मनाची विटंबना चालू राहते. ज्या घरात अपत्याची चिंता आहे, त्या घरातील पतीने पहिल्याच भेटीत आपली तपासणी करवून घ्यावी, आणि ती होण्यापूर्वी पत्नीवर कोणतीही शस्त्रक्रिया करण्यास वैद्याने नकार द्यावा. हे शास्त्राला धरून आहे आणि न्यायालाही. पुढील लेखांकात वृषणाभोवतीच्या शिरा फुगण्याचा, म्हणजे व्हेरिकोसीलचा, आणि त्यावर शस्त्रक्रिया केव्हा करावी व केव्हा करू नये याचा विचार करू.