यीस्टचा उपवास आणि माणसाचा रोजा

रमजान लागला की मोबाइलवर एक संदेश हमखास येतो. जपानी शास्त्रज्ञाने रोज्याचे फायदे सिद्ध केले आणि त्याला नोबेल मिळाले, असा. त्यात शास्त्रज्ञाचे नाव बरोबर असते, वर्षही बरोबर असते. बाकी बरेच चुकते.

योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. पण त्यांनी रोजेदार तपासले नव्हते, यीस्ट तपासले होते. बेकरीतला पाव ज्याने फुगतो, तेच. हा एकपेशीय जीव उपाशी राहिला की आपल्याच पेशीचा काही भाग पिशवीत बांधतो आणि विरघळवून पुन्हा वापरतो. ओसुमींनी ही विरघळवण्याची पायरी बंद पडलेले यीस्ट घेतले. पिशव्या साचत गेल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. पुढे त्यांनी या कामामागची जनुके शोधली. 'ऑटोफॅजी' म्हणजे स्वभक्षण, हे नाव मात्र १९६३ चे, क्रिस्तियान द दूव्ह यांनी दिलेले. माणसाच्या पेशीतही ही क्रिया चालते, रोजा असो वा नसो. दिवसभराच्या रोज्याने ती किती वाढते, हे काही नोबेलच्या कामातून कळत नाही.

खरे तर रोज्यात शरीर जे करते ते काही कमी नवलाचे नाही. सहरीचे जेवण काही तास पुरते. मग यकृत साखरेचा आपला साठा सोडू लागते, आणि दुपार ढळता ढळता चरबीचा वाटा वाढतो. मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात. पहिल्या दोन-तीन दिवसांतली डोकेदुखी पुष्कळदा भुकेची नसतेच. सकाळचा चहा चुकल्याची असते!

तहान ऋतूवर ठरते. हिंदू पंचांग अधिक मास घालून सण ऋतूत बांधून ठेवते. इस्लामी वर्ष तसे करत नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. चंद्र एकच, हिशोब दोन. साधारण ३३ वर्षांत रोजेदाराला थंडी, पाऊस, वैशाख सगळे भेटते.

त्या संदेशाचा धोका मधुमेह्यांना आहे. 'नोबेलवाल्या' रोज्याने साखर उतरेल म्हणून कुणी इन्सुलिन घेऊन, डॉक्टरांना न विचारता रोजा धरला, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. हात थरथरतात, घाम सुटतो, भान हरपते. औषधाच्या वेळा रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्याव्या लागतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर मगरीबची वाट न पाहता रोजा सोडावा, असे मधुमेहतज्ज्ञ सांगतात. बोटाला सुई टोचून तपासल्याने रोजा तुटतो, ही समजूतही बहुतेक उलेमा मान्य करत नाहीत.

आजारी आणि प्रवासी यांनी रोजे इतर दिवशी पूर्ण करावेत, ही सवलत कुरआनातच, सूरह बकरामध्ये आहे. ज्यांना पुढेही जमणार नाही, त्यांच्यासाठी फिदिया आहे: एका रोज्याबदली एका गरजूला जेवण.