अष्टग्रहीचे भय आणि अंतराचा हिशेब
(‘आकाश आणि लोकसमज’ : लेखांक सहावा)

मागील लेखांकात ग्रहणकाळाविषयीच्या समजुतींचा परामर्श घेतला. ग्रह एकत्र आले, किंवा एखादा ग्रह पृथ्वीच्या जवळ आला, म्हणजे भूकंप, जलप्रलय, युद्ध, निदान घरात एखादे अरिष्ट ओढवल्यावाचून राहत नाही, हा समज त्याहून अधिक व्यापक आहे. आणि त्याचा जो उद्रेक आपल्या देशाने १९६२ साली पाहिला तसा क्वचितच पाहिला असेल, म्हणून विवेचनाचा आरंभ तेथूनच करणे इष्ट.

त्या वर्षी पौष अमावास्येच्या सुमारास, फेब्रुवारीच्या ३ ते ५ या तारखांस, रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ जण मकर राशीत जमले, आणि या अष्टग्रहीने जगबुडी होणार अशी आवई देशभर उठली. गावोगाव यज्ञ आणि होमहवने झाली, अखंड नामसप्ताह बसले, अनेकांनी प्रवास रहित केले. पानशेत धरण फुटून पुणे शहराची वाताहत झाली त्याला तेव्हा सात महिनेही लोटले नव्हते. ज्याचे घर त्या पुराने डोळ्यांदेखत नेले, त्याने जलप्रलयाचे भाकीत खरे मानले तर त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार मी कोणासही देणार नाही. दोष आहे तो पंचांगाचे गणित अवगत असूनही ज्यांनी लोकांना धीर देण्याऐवजी शांतिकर्मांच्या याद्या दिल्या त्यांचा.

कारण त्याच गणितातून एक साधी गोष्ट निघत होती. पृथ्वीच्या कक्षेबाहेरचा ग्रह आपल्याला सूर्याच्या दिशेस दिसतो, तेव्हा तो सूर्याच्या पलीकडे असतो. म्हणजे आपल्यापासून जितका दूर जाणे त्याला शक्य आहे, जवळजवळ तितका दूर गेलेला असतो. अष्टग्रहीच्या त्या अमावास्येस मंगळ आपल्यापासून सुमारे ३५ कोटी किलोमीटर, गुरू सुमारे ९० कोटी किलोमीटर आणि शनी १६० कोटी किलोमीटरांहूनही दूर होता. एरवी ४ कोटी किलोमीटरांपर्यंत येणारा शुक्रदेखील तेव्हा सूर्यामागे २५ कोटींपलीकडे होता. सूर्याच्या अलीकडे होते ते फक्त चंद्र आणि बुध. केतूचे तर शरीरच नाही. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला (सूर्याच्या भासमान मार्गाला) जेथे छेदते त्या दोन बिंदूंपैकी तो एक. सारांश, ज्या दिवशी ग्रहांची आपल्यावर चाल झाली असे लोकांनी मानले, त्या दिवशी त्यांतील बहुतेक आपल्याकडे पाठ फिरवून दूर उभे होते. शिवाय ज्या मंडळीस आपले ज्योतिषी मकर राशीत पाहत होते, तीच मंडळी पाश्चात्त्य ज्योतिष्यांच्या सायन गणनेप्रमाणे कुंभ राशीत होती. तेव्हा मकरेचे फळ खरे धरावे की कुंभेचे, याचा निवाडा कोणी करावयाचा?

मग ग्रहमीलनाशी प्रलयाची सांगड घातली तरी कोणी? बाबिलोनचा पुरोहित बेरोसस याचे मत रोमन ग्रंथकार सेनेका याने नमूद करून ठेवले आहे, ते असे की, सर्व ग्रह कर्क राशीत जुळले तर जग जळेल आणि मकरेत जुळले तर बुडेल. आपल्याकडे या कल्पनेला एका निराळ्या आणि अत्यंत आदरणीय ठिकाणाहून बळ मिळाले असावे, असे माझे मत आहे. आपल्या सिद्धान्तकारांनी कलियुगाचा आरंभ इ. स. पूर्व ३१०२ च्या फेब्रुवारीत धरला आणि त्या क्षणी सर्व मध्यमग्रह (सरासरी गतीने काढलेली ग्रहांची स्थाने) मेषारंभी होते असे मानले. ज्याला आज ग्रह कोठे आहे हे काढावयाचे आहे, त्याला कोठून तरी दिवस मोजावे लागतात. त्या मोजलेल्या दिवसांना अहर्गण म्हणतात, आणि सर्व ग्रह एकाच ठिकाणाहून निघाले असे धरले म्हणजे आकडेमोड सुकर होते. सराफाने नवी कीर्द घालताना पहिल्या पानावर सर्व खात्यांची बाकी शून्य मांडावी, तसा हा गणिताचा आरंभ होता. आधुनिक गणिताने त्या दिवसाची ग्रहस्थिती काढली तर ग्रह एका बिंदूत नव्हते असेच दिसते. आर्यभटासारख्या गणित्याला हे युगमान मोजणीच्या सोयीचे साधन होते. पुढे युग बदलणे, प्रलय होणे आणि ग्रह एकत्र येणे या तीन गोष्टी लोकांच्या मनात एकमेकींत इतक्या मिसळल्या की, गणिताची सोय कोणती आणि भयाची कथा कोणती हे वेगळे काढणे कठीण होऊन बसले.

युरोपातही हेच घडले. ११८६ साली ग्रह तुळेत जमणार म्हणून प्रचंड वादळांचे, आणि १५२४ च्या फेब्रुवारीत ते मीन राशीत जमणार म्हणून जलप्रलयाचे भाकीत पसरले. दोन्ही वेळा जग जागच्या जागी राहिले. १९७४ साली दोन शास्त्रज्ञांनीच पुस्तक लिहून १९८२ मध्ये ग्रहांच्या ओढीने कॅलिफोर्नियात भूकंप होईल असे सुचविले, तेही खोटे ठरले.

आपल्या अष्टग्रहीनंतर दोनच आठवड्यांनी देशात तिसरी सार्वत्रिक निवडणूक ठरल्याप्रमाणे सुरू झाली. कोयनेचा भूकंप झाला तो ११ डिसेंबर १९६७ रोजी, आणि त्या पहाटे ग्रह आकाशात चहूकडे विखुरलेले होते.

ओढीचाच हिशेब करावयाचा तर तोही करता येतो. भरती-ओहोटी घडविणारी ओढ अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे शुक्र अगदी जवळ आला तरी त्याची ही ओढ चंद्राच्या ओढीचा सुमारे अठरा हजारावा भाग, आणि मंगळाची सुमारे साडेतीन लाखावा भाग इतकीच भरते. चंद्राची ओढ दररोज सोसून ज्या पृथ्वीला काही होत नाही, तिला हा भार जाणवणार नाही.

बाहेरचा ग्रह खरोखर जवळ येतो तो प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि तो ग्रह यांच्या मध्ये येते तेव्हा. मंगळाच्या बाबतीत हे दर दोन वर्षे आणि सुमारे पन्नास दिवसांनी घडते. २७ ऑगस्ट २००३ रोजी तो ५ कोटी ५७ लक्ष किलोमीटरांवर आला होता. सुमारे साठ हजार वर्षांत इतका जवळ तो आला नव्हता. त्याच वेळी मंगळ पूर्णचंद्राएवढा दिसेल असा निरोप संगणकांवरून जगभर फिरला, आणि आजही ऑगस्ट आला की तोच निरोप मोबाइलवर पुन्हा हिंडू लागतो. मूळ मजकूर पंचाहत्तर पट मोठे दाखविणाऱ्या दुर्बिणीतून दिसणाऱ्या मंगळाविषयी होता. वाक्य मध्येच तुटले, दुर्बीण गळाली आणि चंद्र तेवढा उरला. नुसत्या डोळ्यांना मंगळ त्या रात्रीही तांबूस तेजाचा एक ठिपकाच होता, तथापि तो इतका प्रखर होता की, ज्यांनी तो पाहिला त्यांना त्याचे विस्मरण होणे नाही.

आणि आता ज्यासाठी हा सारा खटाटोप केला ते सांगतो. ‘मुलीला मंगळ आहे’ एवढ्या तीन शब्दांवर आपल्या समाजात अजून स्थळे परत जातात, गुणी मुली वर्षानुवर्षे ताटकळतात आणि आईबाप हताश होतात. पत्रिकेत मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी पडला की दोष मानतात. जन्माच्या वेळी मंगळ साडेपाच कोटी किलोमीटरांवर होता की चाळीस कोटी किलोमीटरांवर, हे पत्रिकेत कोठेच लिहिलेले नसते, आणि कोणी विचारीतही नाही. जवळ आलेला ग्रह बाधतो असे म्हणणाऱ्यांनी निदान या ठिकाणी तरी अंतर विचारावयास हवे होते. बारा स्थानांपैकी पाच स्थाने दोषाची धरली, तर ढोबळ मानाने दर पाच माणसांत दोघे मंगळाचे ठरतात, आणि त्यांचे संसार इतरांसारखेच बरेवाईट चालतात हे आपण आपल्याच आळीत पाहतो. ज्यांच्या घरी यंदा लग्नाची बोलणी चालू असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, मुलाचे आणि मुलीचे शिक्षण, स्वभाव, आरोग्य यांची चौकशी हवी तितकी करावी. मंगळ मात्र आकाशात पाहावा, आणि त्याच्या नावाने कोणाच्याही मुलीला नकार देऊ नये.

पुढील लेखांकात १९१० साली पृथ्वी हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीतून जाणार म्हणून जगभर जी भीती पसरली होती तिचा वृत्तान्त देऊ.