चष्मा घरी राहिला

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आपल्या विहारांतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते, हे वाचकांस सांगायला नको. घाटकोपरच्या डोंगरावरील आमच्या वस्तीतही रोज रात्री स्वयंपाकपाणी आटोपून महिला मंडळ जमते. ग्रंथ एकीच्या हातून दुसरीच्या हाती जातो, प्रत्येकीने पानभर वाचायचे. आमच्या आईच्या हाती ग्रंथ आला की ती तो कपाळाला लावायची, “चष्मा घरी राहिला गं,” म्हणायची आणि शेजारणीकडे द्यायची. असे किती वर्षावास गेले कोण जाणे. आमच्या आईला चष्मा नव्हताच.

आई मराठवाड्यातली. 1972 च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर होती. तेथून आजी-आजोबांबरोबर मुंबईस आली. शाळेचे तोंड तिने पाहिले नाही, पण चार घरची धुणीभांडी करून आम्हां तीन भावंडांना शिकविले. सकाळी कॉलेज आणि दुपारी काम करीत आम्ही बी.कॉम. झालो, कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. त्याच सुमारास एका रविवारी ती म्हणाली, “आरं, मला बी दोन अक्षरं शिकीव की.”

आम्ही काय उत्तर दिले ते लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे. आम्ही म्हणालो, “या वयात काय करायचंय शिकून, आई? कुठं नोकरीला लागायचंय?” आणि त्याच संध्याकाळी मुलुंडला जयंतीच्या कार्यक्रमात आम्ही शिक्षणाचे महत्त्व या विषयावर अर्धा तास बोललो! आईने पुन्हा कित्येक वर्षे विषय काढला नाही.

आमच्या उत्तरातील खोट पुढे ध्यानात आली. बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटले, त्याचा अर्थ आपण डिग्री आणि नोकरी एवढाच करून बसलो. नोकरी हवीच, पोट रिकामे असताना ज्ञानाच्या गप्पा कोणी सांगू नयेत. पण नोकरी लागली की पुस्तक बंद, हे कुठे सांगितले आहे? शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. दुसरा कोणी असता तर तेथेच स्थिरावला असता. ते मात्र पैसे साठवून 1920 मध्ये पुन्हा लंडनला विद्यार्थी म्हणून गेले आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. इथवर पदव्यांची गोष्ट झाली. पुढे उतारवयात, मधुमेह आणि गुडघेदुखीने शरीर खिळखिळे झालेले असताना, ते व्हायोलिन शिकले. पाली भाषेचा शब्दकोश तयार करीत बसले. सरकारने तो त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात 1998 मध्ये छापला आहे. व्हायोलिनची त्यांना कोणती नोकरी मिळवायची होती?

महामंगल सुत्त आपण परित्राणपाठात म्हणतो. पुष्कळ ऐकलेले-शिकलेले असणे आणि हाती कला असणे हे त्यात मंगल म्हटले आहे. वयाची अट घातलेली नाही.

आमच्या वस्तीच्या खाली चिरागनगर आहे. लोकशाहीर अण्णा भाऊ साठे तेथल्या झोपडीत वर्षानुवर्षे राहिले. शाळेत ते गेले जेमतेम दीड दिवस. वाटेगावहून मुंबईला आल्यावर मोलमजुरी करता करता दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचीत त्यांनी अक्षरे पक्की केली. त्याच माणसाने 1959 साली ‘फकिरा’ लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. 1961 मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. चिरागनगरच्या वाटेने आम्ही रोज स्टेशनला जातो, पण पाट्यांची ही शाळा आमच्या घरात भरली तेव्हाच डोळे उघडले.

झाले असे. आमची धाकटी दुसरीत गेली. ती अभ्यासाला बसली की आई भाजी निवडायला तिच्याशेजारी बसू लागली. आम्हांला वाटे, नातीवर लक्ष ठेवते आहे. एकदा रेशन दुकानासमोर आम्ही दोघे उभे असताना आई म्हणाली, “चल माघारी, ‘बंद’ लिहिलंय.” आम्ही पाटीकडे पाहिले, मग तिच्याकडे. बसचे मराठी आकडे ती पूर्वीपासूनच ओळखत असे. बाकीचे नातीने शिकविले, तेही ‘अ’पासून नव्हे. आधी ‘रमा’, मग ‘भीम’, मग ‘बंद’ आणि ‘चालू’. पेन्सिल धरायला मात्र फार त्रास झाला. ज्या हातांनी चाळीस वर्षे काथ्याने भांडी घासली, त्या हातांत पेन्सिल निसटते, नाहीतर टोक मोडते. नात ओरडायची, “आजी, दाबू नकोस!” आणि आई निमूट ऐकून घ्यायची. आमच्याकडून तिने एवढे ऐकले असते की नाही, शंका आहे.

मागाहून मुरबाड तालुक्यातील फांगणे गावाची माहिती वाचली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी तेथे 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठ ते नव्वद वर्षांच्या आजी गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी 2 ते 4 शाळेत बसू लागल्या. घरकाम संपण्याची आणि संध्याकाळची चूल पेटण्याची मधली वेळ ही. ती ज्याने निवडली त्याला बायकांचा दिवस कळतो. महात्मा फुल्यांनीही 1855 मध्ये शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची. सिद्धार्थ कॉलेज 1946 मध्ये निघाले तेव्हा नोकरदारांसाठी सकाळचे वर्ग ठेवले गेले. माणसाला शिकायचे असतेच. त्याच्या सवडीची वेळ आणि न हसणारा शिक्षक एवढेच बहुधा कमी पडते.

मागच्या वर्षावासात ग्रंथ आईच्या हाती आला. तिने कपाळाला लावला, आणि पुढे दिला नाही. बोट ठेवून चार ओळी वाचल्या. इतरांचे पान वाचून व्हावे इतका वेळ लागला. ‘प्रतीत्यसमुत्पाद’ शब्दापाशी ती अडली, पण त्या शब्दापाशी आम्हीही अडतो. विहारात कोणी चुळबूळ केली नाही. दुसऱ्या दिवशी तिने अक्षर बारीक असल्याची तक्रार केली. डोळे तपासून घेतले आणि आता खरोखरचा चष्मा आहे.

त्यानंतर महिला मंडळातल्या आणखी तिघींनी आपापले चष्मे घरी राहत नव्हते हे कबूल केले. शनिवारी दुपारी विहारात त्यांचा वर्ग भरतो. आमच्या धाकटीसह दोन शाळकरी मुली शिकवितात. आम्हांस फक्त खडू आणायचे काम आहे. एका सुनेने सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचे ठरविले आहे. आपल्या वाचकांपैकी ज्यांना असे बसायचे असेल त्यांनी जवळच्या शाळेत चौकशी करावी, फॉर्मची मुदत चुकवू नये.

पुरुष मात्र येत नाहीत. गोदीतून निवृत्त झालेले एक काका तेवढे येतात. नातवाला सोडायला आलो म्हणतात, दाराशी बसतात आणि फळ्याकडे पाहत राहतात. त्यांना आत या म्हणायचे नाही, असे आईने आम्हांस बजावले आहे. बाईंनी गेल्या शनिवारी फळाच थोडा दाराकडे सरकवला.