कधीच न वाजलेले यंत्र

बिघडलेला रेडिओ दुरुस्तीला आला, की तो उघडून बसणाऱ्या माणसाच्या पदरात एक आधार आधीच पडलेला असतो, आणि तो असा की हे यंत्र गेल्या आठवड्यापर्यंत व्यवस्थित वाजत होते. त्याची रचना निर्दोष आहे, त्यातला प्रत्येक भाग आपापल्या जागी आहे, आणि जे काही बिनसले ते बहुधा एकाच ठिकाणी व अलीकडेच बिनसले आहे. घरी जोडलेल्या आणि जोडल्या दिवसापासून मुक्या राहिलेल्या गिटारच्या पेडलला असा पूर्वेतिहासच नसतो. त्याचा नकाशा चुकलेला असू शकतो, नकाशा बरोबर असून जोडणी चुकलेली असू शकते, दुकानातून आलेला माल वेगळाच असू शकतो, आणि या तिन्ही गोष्टी एकाच वेळी, एकमेकींना झाकत घडलेल्या असू शकतात. अशा मामल्यात कोणालाच निर्दोष गृहीत धरून चालत नाही. नवशिका मात्र पहिल्या क्षणीच एका संशयितावर बोट ठेवतो आणि उरलेल्या सर्वांना चौकशीवाचून सोडून देतो.

माझा पुतण्या मागच्या पावसाळ्यात असेच एक पेडल घेऊन आला, तो निकाल हातात घेऊनच. "काका, ट्रान्झिस्टर जळालेत. दोनदा बदलले, तरी आवाज नाही," असे सांगून त्याने खिशातून नव्या ट्रान्झिस्टरांची पुडी काढली.

ज्यांचा या खटपटीशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. पेडल म्हणजे गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये जमिनीवर ठेवायची, पायाने चालू-बंद करायची धातूची डबी. तारांच्या कंपनातून निघालेला क्षीण विद्युत्संकेत एका बाजूने तिच्यात शिरतो आणि रूप पालटून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. पुतण्याने जोडले होते ते 'फझ' जातीचे, म्हणजे संकेत इतका वाढवायचा की त्याच्या तरंगाची शिखरे छाटली जावीत आणि स्वराला भुंग्याच्या गुंजारवासारखी खरखर यावी. लंडनच्या आर्बिटर या कंपनीने १९६६ साली मायक्रोफोनच्या स्टँडच्या गोल बैठकीवरून आकार उचलून काढलेले आणि जिमी हेंड्रिक्समुळे जगभर गाजलेले 'फझ फेस' हा त्याचा आदर्श. चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन ट्रान्झिस्टर आणि दोन फिरत्या कळा, एवढ्या अकरा नगांत ते संपते, आणि म्हणूनच पहिल्या प्रयत्नासाठी पुष्कळांची निवड त्याच्यावर पडते.

गमतीची गोष्ट अशी, की या ध्वनीचा जन्मच एका बिघाडातून झालेला आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गीताचे ध्वनिमुद्रण चालू असताना मिश्रणयंत्राची एक वाहिनी नादुरुस्त झाली आणि ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारचा आवाज फाटका उमटला. तो पुसून टाकण्याऐवजी तसाच ठेवला गेला, १९६१ साली गीत लोकप्रिय झाले, आणि त्या वेळचे ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच दोष बुद्ध्या उत्पन्न करणारे मंडल तयार केले, जे गिब्सनने १९६२ मध्ये 'मायस्ट्रो फझ-टोन' या नावाने विकावयास काढले. एका नादुरुस्त यंत्राची नक्कल करू पाहणारे यंत्र नादुरुस्त निघावे आणि आपण ते 'दुरुस्त' करण्यास बसावे, हा विनोद पुतण्याला त्या दिवशी अर्थातच रुचला नाही.

मी त्याला प्रथम पुडी खिशात ठेवायला लावली आणि सोल्डरिंग आयर्नची पिन भिंतीतून काढून घेतली. तापलेले आयर्न हाताशी असले की माणूस विचार करण्याआधी काहीतरी वितळवतो. पहिली जबानी बॅटरीची. तिने मीटरवर नऊ व्होल्ट दाखवले. पण सुटी बॅटरी बरी दिसणे आणि मंडलाला जोडल्यावर बरी राहणे या भिन्न गोष्टी असल्याने, जोडलेल्या स्थितीतच तिची पुन्हा तपासणी केली. येथे एक फसगत पुष्कळांची होते. या पेडलांत गिटारची वायर ज्या जॅकमध्ये शिरते तोच बॅटरीचे बटणही असतो. तो स्टिरिओ जातीचा असून, आत गेलेल्या प्लगच्या दांड्याने त्याच्या दोन पट्ट्या जोडल्या जातात, तेव्हा कोठे बॅटरीचे ऋण टोक मंडलाला मिळते. वायर न खुपसता टेबलावर मीटर लावून बसलेला गृहस्थ सर्वत्र शून्य वाचतो आणि हताश होतो. आमचा पुतण्याही तसाच दोन रात्री बसला होता.

वीज पोचत होती, तेव्हा आता ती कोठे किती आहे हे पाहायचे. या मंडलाचा एक आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे: दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या 'कलेक्टर' या पायावर सुमारे साडेचार व्होल्ट, म्हणजे बॅटरीच्या निम्मे, असावेत, जेणेकरून तरंगाला वर आणि खाली सारखीच जागा मिळेल. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर असेल तर पहिल्याच्या 'बेस' या पायावर ०.६ च्या आसपास. आमच्याकडे कलेक्टरवर साडेसात निघाले आणि बेसवर ०.४ सुद्धा भरेना. म्हणजे पहिला ट्रान्झिस्टर जागाच होत नव्हता आणि दुसरा अर्धवट झोपेत होता.

आकड्यांवर भिस्त ठेवण्यापेक्षा कानांनी खात्री करणे मला अधिक आवडते. त्यासाठी ॲम्पला जोडलेल्या वायरीच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावावा, म्हणजे बॅटरीचा सरळ प्रवाह अडतो आणि केवळ आवाज पुढे जातो. वायरीचा पृथ्वीचा धागा पेडलच्या पृथ्वीला जोडावा, दुसऱ्या कोणाला गिटारची तार छेडत बसवावे, आणि ते टोक प्रवेशापासून निर्गमापर्यंत एकेका सांध्यावर टेकवत जावे. जेथवर आवाज ऐकू येतो तेथवर वाट मोकळी आहे आणि जेथे तो हरवतो तेथे, किंवा त्याच्या एक पाऊल मागे, गुन्हा घडला आहे. कोणतेही गणित न येणाऱ्यालाही ही विद्या पाच मिनिटांत येते. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर गिटार स्वच्छ ऐकू आली. त्याच्या कलेक्टरवर मात्र मच्छर कण्हावा तसा काहीसा आवाज.

"म्हणजे ट्रान्झिस्टरच की, काका!" पुतण्या विजयी मुद्रेने म्हणाला.

मी भिंग काढले आणि त्या काळ्या ठिपक्यावरची अक्षरे वाचून घेतली. नकाशा बीसी५४७ या ट्रान्झिस्टरसाठी काढलेला होता. पुतण्याने बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या एका दुकानातून, "हाच चालतो" या आश्वासनावर आणलेला होता तो २एन३९०४. चालतो, हे खरेच. पण सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर पहिल्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात आणि दुसऱ्याचे एमिटर, बेस, कलेक्टर असे. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर मरत नाही, केवळ त्याची वर्धनशक्ती जवळजवळ नाहीशी होते. पुतण्याचा संशय योग्य व्यक्तीवरच होता, आरोप मात्र चुकीचा होता; आणि एकाच पुडीतले नवे नवे नग त्याच उलट्या दिशेने बसवत राहिल्याने शंभर वेळा बदलूनही काही फरक पडला नसता. दोघांना अर्धा अर्धा वळसा दिला आणि कलेक्टरवर ४.६ व्होल्ट आले.

तरी आवाज नाही.

नवशिक्याचा धीर सुटतो तो या ठिकाणी, आणि नुकतीच केलेली योग्य दुरुस्तीही तो उलटवून टाकतो. आकडा सुधारला असेल तर पहिला दोष खचित गेला आहे. उरला तो दुसरा. कान पुन्हा रुजू केला, तर आवाज आता निर्गमाच्या कपॅसिटरच्या अगदी तोंडाशी येऊन नाहीसा होत होता. पुतण्याने खबरदारी म्हणून हा कपॅसिटरही काढून परत लावला होता, आणि त्या वेळी आयर्न अधिक वेळ टेकल्याने खालची तांब्याची पट्टी मंडलाच्या बोर्डावरून उचलली जाऊन केसाएवढी तडकली होती. डोळ्यांना सांधा चकचकीत दिसत होता. सांध्याचे डाग निस्तेज, दाणेदार, गोळ्यासारखे दिसले तर ते कच्चे समजावेत, हा नियम योग्यच आहे, परंतु सांध्याच्या खालची जमीनच खचलेली असेल तर वरच्या चकाकीचा जामीन कोण राहणार? तारेचा एक तुकडा त्या भेगेवरून टाकला, आणि टेबलावर उघड्यावाघड्या पसरलेल्या त्या मंडलाने प्रथमच, आणि फार मोठ्याने, तोंड उघडले. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठीने छत ठोठावले.

डबीत बसवून चार स्क्रू आवळले, आणि ते पुन्हा मुके झाले.

या वेळी मात्र पुतण्याने पुडीला हात लावला नाही. त्याने पायाचे बटण दाबून पेडल बंद केले आणि तार छेडली. बंद पेडलमधून गिटारचा साधा आवाज तरी जायला हवा, तोही जाईना. मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, की बटण बंद असताना मंडल वाटेतच नाही, तेव्हा दोष मंडलात असणार नाही. झाकण काढून त्याने बॅटरीच्या दिव्याच्या उजेडात प्लग सावकाश आत सरकवला, आणि आम्ही दोघांनीही पाहिले: प्लगचे टोक जाताच जॅकची लवचिक पट्टी मागे वाकून डबीच्या भिंतीला टेकत होती, आणि पृथ्वीशी जोडलेल्या त्या भिंतीत गिटारचा सगळा संकेत जिरून जात होता. जॅकची चकती सैल करून त्याने तो पाव वळसा फिरवला.

रात्री सगळे आवरताना, पूर्वी काढून टाकलेले चारही 'जळके' ट्रान्झिस्टर मी मीटरच्या खाचेत एकेक घालून पाहिले. चारही धडधाकट होते. पुतण्याने ते रिकाम्या आगपेटीत भरले, झाकणावर पेन्सिलीने डावीकडून 'ई, बी, सी' अशी पायांची खूण काढली, आणि दारातून वळून विचारले, "काका, यांत आणखी दोन पेडलं होतील ना?"